आधी पाणी, मग सोडा

आमच्या घरात एक पांढरी प्लास्टिकची बरणी आहे. तिच्या झाकणाला मी लाल नेलपॉलिश फासलंय. सुनेची अर्धी वाळलेली बाटली होती, ती कामाला आली. ही बरणी स्वयंपाकघरात येत नाही आणि न्हाणीतही येत नाही. मागच्या पडवीत उंच फळीवर तिची जागा आहे. तिच्यात कॉस्टिक सोडा असतो. दिसायला इतका गरीब, काय सांगू. पांढरे पापुद्रे, पोह्यांहून जरा जाड, वास ना काही. झाकण उघडं राहिलं तर हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पावसाळ्यातल्या मिठासारखा पाझरायला लागतो. गेल्या हिवाळ्यात ह्या बरणीनं माझ्या सुनेच्या डोळ्यावर हात टाकला होता. तेच लिहायला बसलेय.

सुरुवात मात्र माझ्या मालकांपासून करायला लागेल, कारण सोड्याची आणि माझी ओळख त्यांनी करून दिली. ते साखर कारखान्यात होते. घनसावंगीकडचा आमचा भाग उसाचा, तेव्हा कारखान्यात कुणी ना कुणी घरातलं असतंच. उसाचा रस आटवायची तिथं मोठी मोठी भांडी असतात आणि त्यांच्या पोटात नळ्याच नळ्या. रोज चहा केला की भांड्याला जसा पांढरा थर धरतो, तसा त्या नळ्यांना आतून धरतो, आणि तो दगडासारखा. मग गाळप थांबवायचं, सोड्याचं पाणी भरायचं, उकळायचं, म्हणजे तो थर ढिला होतो आणि खरवडून निघतो. मालक त्या धुणाऱ्यांच्या टोळीत होते.

एका थंडीत मी त्यांना स्वेटर विणून दिला होता. चांगला मेंदीच्या रंगाचा. पहिल्याच धुणीहून परत आले तर दोन्ही बाह्यांना भोकं. मी म्हणाले, "विडी पिताना झोपलेत का?"

"विडी न्हाई. सोडा उडाला."

"मंग आतला शर्ट कसा काय धड राह्यला?"

"शर्ट सुताचा हाय. सुताला तो फारसं काही करत न्हाई, लोकरीला खातो. लोकर, केस, कातडं, जे जे जनावराचं ते त्याला आवडतं." आणि मग बाही माझ्यापुढं धरून हसले. "तू मेंढराचं विणलंस, त्यानं खाल्लं."

माझी शाळा झाली नाही. वाचायला मी गोण्यांवरून शिकले, खताच्या, बियाण्याच्या, सिमेंटच्या. मालक एक एक अक्षर दाखवायचे आणि मी चुलीपुढं राखेत ते काढायची. सोड्याच्या गोणीवर मात्र वाचायची गरज नव्हती, चित्रच होतं: हातावर थेंब पडतोय आणि हात झिजत चाललाय. ते चित्र मी एकदा बघितलं ते डोक्यात बसलं. मालक सांगायचे, हा अंगावर पडला तर लगेच आग होईलच असं नाही. आधी बुळबुळीत लागतं. ते कशानं, तर आपल्या कातड्यातल्या तेलाचा तो साबण करायला लागतो. "आपलाच साबण होऊन राह्यलेला असतो आणि आपल्याला वाटतं काही झालं न्हाई," असं म्हणायचे. आणि पडला तर पाणी. दुसरं काही नाही. पाणी ओतत राहायचं, कंटाळा आला तरी ओतायचं.

मालक गेले. पण हे बोलणं राहिलं.

पुढं आमच्या बायकांच्या गटाला तालुक्याहून एक बाई साबण शिकवायला आल्या. धुण्याचा साबण. त्यांनी पिशवीतून सोडा काढला आणि मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या बाई फार छान सांगायच्या. म्हणाल्या, तुमच्या सरकीच्या तेलाचा काळपटपणा जातो तो ह्याच्यामुळं, सुताला रेशमासारखी चकाकी येते ती ह्याच्यात बुडवून, कागदाचा लगदा ह्याच्यात शिजतो. मी मनात म्हटलं, घ्या, आमच्या शेतात जे जे पिकतं त्याच्या मागं हा गडी उभाच आहे आणि आम्ही त्याला मोरी तुंबल्यावरच आठवतो.

गटातल्या बाकीच्यांनी दोन-चार वेळा करून सोडून दिलं. आम्ही सोडलं नाही, कारण आमच्याकडं तेल होतं. शेजारच्या आपांचा कुंभार पिंपळगावच्या बाजारात भज्यांचा गाडा आहे. आपा आणि त्यांचे मियाँ दोघं मिळून चालवतात. बाजार झाला की कढईत जळकं तेल उरतं. ते पुन्हा वापरायचं नाही असा आपांचा नियम, आणि ओतून द्यायला जीव होत नाही. मग ते माझ्याकडं यायचं. मी ते फडक्यातून गाळून, पाण्यात उकळून स्वच्छ करायची, त्याला सोड्याचं पाणी द्यायची आणि ढवळत बसायची. ढवळता ढवळता तेल पांढुरकं होतं, मग श्रीखंडासारखं घट्ट येतं, काठीची रेघ त्यात उमटून राहिली की साच्यात ओतायचं. वड्या कापून चांगल्या महिनाभर सावलीत वाळवायच्या. तेवढ्यात सोड्याचा ताठा जातो, तेलाचं तेलपण जातं, आणि दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी होतं. संसारासारखंच म्हणा. आपा त्या वड्या हुंगून म्हणायच्या, "अजून मिरचीची बास येती गे." येत नव्हती, पण म्हणायच्या.

ह्या कामात दोन गोष्टी कधी चुकवायच्या नाहीत. एक, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही. त्याला सोडा खातो, फेस येतो, भांडं काळं पडतं. प्लास्टिकची जाड बादली घ्यायची नाहीतर स्टील. आणि दुसरी, आधी पाणी, मग सोडा. पाण्यात चिमूट चिमूट सोडा सोडायचा आणि हलवायचं. चिमूट म्हणजे चमच्यानं, हातानं नाही. तसं केलं तरी पाणी हात लावू देत नाही इतकं तापतं, विस्तवाशिवाय. पण पाणी जास्त असतं म्हणून ती ऊब पोटात घेतं. उलटं केलं, सोड्यावर पाणी ओतलं, तर तेवढं पाणी तिथल्या तिथं उकळतं आणि तोंडावर येतं.

आता जाऊबाईंविषयी.

माझ्या थोरल्या जाऊबाई वाड्यापलीकडच्या गल्लीत राहतात. माझ्याहून बऱ्याच मोठ्या आहेत, मला अजून 'धाकटे' म्हणतात. आमच्या गावात चुना म्हटलं की जाऊबाई. दसरा आला, लग्न निघालं, की घरं पांढरी करायची असतात, आणि कळीचा चुना विरवायला जाऊबाईंना बोलावणं जायचं. आता सगळे डब्यातला रंग आणतात, पण पूर्वी त्यांच्याशिवाय कुणाची भिंत पांढरी होत नव्हती. दगडासारखे चुन्याचे खडे मोठ्या डब्यात घालायचे आणि वरून पाण्याचा तांब्या धरायचा. खडे तडकतात, फुलतात, फसफस आवाज येतो, वाफ निघते, आणि जाऊबाई पदर नाकाला लावून तशाच उभ्या. किती पाणी, कधी थांबायचं, कधी परत ओतायचं हे त्यांना त्या आवाजावरून कळायचं. उभी हयात त्यांनी असंच केलेलं: आधी खडे, मग पाणी. हाताला तेवढंच ठाऊक.

त्या दिवशी बाजाराचा दिवस होता आणि लाईट गेलेली होती. सकाळची थंडी, म्हणून आम्ही अंगणात उन्हाला काम मांडलं. मी चुलीवर तेल कोमट करत होते. माझी सून साच्याच्या लाकडी पेटीला प्लास्टिक लावत होती. ही माझी सून शिवणाचं काम करते. गावातल्या निम्म्या ब्लाउजांना तिचा हात लागलेला आहे. काज-बटन, फॉल-पिको, सगळं. त्या लग्नसराईची कापडं मशीनवर ढिगानं पडलेली होती. तिनं सोडा आधीच बादलीत वजन करून ठेवला होता. पाण्याचं मोजलेलं पातेलं शेजारी होतं. सोडा दुसऱ्या डब्यात काढून, बादलीत पाणी घेऊन, मग सुरुवात करायची होती. तेवढ्यात जाऊबाई आल्या. अंगावर लोकरीची शाल, चॉकलेटी, त्यांच्या लेकानं कुठूनतरी आणलेली. थंडीभर ती त्यांच्या अंगावरून उतरत नाही.

"काय चाललंय धाकटे? एवढा पसारा?"

"साबण करून राह्यलोत बाई. बसा उन्हाला."

"बसते कशाला, हात लावते की. हे पाणी ह्याच्यात घालायचं ना?"

मी तोंड चुलीकडं केलेलं. "हो, पण थांबा," एवढं म्हणाले आणि वळले. सुनेनं बघितलं होतं. ती "थोरल्या आत्या, असं न्हाई" म्हणत बादलीवर ओणवी झाली, हात आडवा घालायला. पण पाण्याचं पातेलं कलंडलेलं होतं. बादलीतून चुन्यासारखाच फसफस आवाज आला, पण चुना कधी असा उसळत नाही. वाफेचा लोट आला, आणि थेंब उडाले. जाऊबाई मागं सरकल्या. सून तिथंच उकिडवी बसली आणि तळव्यानं डोळा चोळायला लागली.

"काही न्हाई आत्याबाई," ती म्हणाली. "थोडंसं उडालं."

मी तिच्या गालाला बोट लावलं. गाल बुळबुळीत होता.

मला अजून ते बोट आठवतं. गोणीवरचं चित्र डोळ्यापुढं आलं, तो झिजणारा हात. मी तिचा हात डोळ्यावरून काढला, मानेला धरलं आणि अंगणाबाहेरच्या हापशाकडं ओढत नेली. नळ असून उपयोग नव्हता, लाईट नाही म्हणजे मोटर नाही आणि टाकी कोरडी. हापसा मारायचा आणि डोकं धरायचं अशी दोन्ही कामं एकटीला जमेनात. मी हाक मारली, तशी आपा बाजाराला न्यायचं बेसन तसंच ठेवून धावत आल्या.

"क्या हुआ गे?"

"सोडा डोळ्यात गेला."

आपांनी सरळ दांडा धरला. "तू उसका मुंडी पकड, मैं हापसा मारती," म्हणाल्या. गुडघे दुखतात त्यांचे, घरात उठता-बसता अल्लाचं नाव घेतात, पण त्या दिवशी हापशाचा दांडा अशा मारायला लागल्या की धार तुटली नाही. मी सुनेचं डोकं आडवं केलं, दुखरा डोळा खालच्या बाजूला, म्हणजे तिकडचं पाणी चांगल्या डोळ्यात जायला नको. दोन बोटांनी पापण्या फाकवल्या. ती मिटायची, मी फाकवायची. आता तिला आग व्हायला लागली होती. तिच्या नखांचे वळ माझ्या दंडावर बरेच दिवस होते.

एवढ्यात गल्ली गोळा झाली. गल्ली गोळा झाली की औषधं येतात. एक म्हणाली तूप घाला, थंडावा पडतो. एक म्हणाली पलीकडं बाळंतीण हाय, तिचं दूध आणते, डोळ्यात काहीही गेलं की अंगावरचं दूध घालतात. घालतात, खरं आहे, माझ्याही लहानपणी घातलेलं आहे. आणि जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरातून लिंबू कापून घेऊन आल्या. लिंबाचा रस त्यांच्या मनगटावरून ओघळत होता.

"चुन्यानं तोंड पोळलं की आंबट लावतेत धाकटे. आंबटानं मरतो तो. पिळ."

"नको बाई."

"अगं पिळ, पोरीचा डोळा जाईन."

"बाई, बिलकुल नको. आंबट आणि सोडा एकत्र आले की आणखी तापतंय. नुसतं पाणी."

"माझ्यानं झालं म्हणून मला हात लावू देईना का?"

मी कोपरानं त्यांना अडवलं आणि आपांना म्हटलं, मारत राहा. जाऊबाई ते अर्धं लिंबू हातात धरून बाजूला उभ्या राहिल्या. नंतर कधी गेल्या ते मी बघितलं नाही.

पाणी आधी नळीत साचलेलं आलं, दात वाजतील असं गार. हापसत हापसत खालचं कोमट आलं, पण वारा गार होता. सून कुडकुडायला लागली. डोकं, झंपर, साडी, सगळं चिंब. मग आपांनी ओरडून कुणालातरी काळी-पिवळी थांबवायला पाठवलं. बाजारामुळं जीपा फिरतच होत्या. अंबडला डोळ्याची डॉक्टरीणबाई बसते हे मला माहीत होतं. आपा म्हणाल्या, "गाडा आज मियाँ लगाते. मैं आती." मी म्हटलं नको, बाजार बुडेल. त्या म्हणाल्या, "बाजार क्या, फिर आता." पण मी त्यांना ठेवून घेतलं, कारण बादलीत तो सोडा तसाच धगधगत होता आणि कुणी लेकरू तिकडं गेलं तर. त्यांनी बादलीपाशी खाट आडवी टाकली आणि त्या खाटेवर बसून राहिल्या, आम्ही परत येईपर्यंत.

जीपमध्ये मी कळशी मांडीवर घेऊन बसले. सुनेचं डोकं माझ्या खांद्यावर कलतं धरलं आणि वाटीवाटीनं डोळ्यावर पाणी सोडत राहिले. घनसावंगीपर्यंत कळशी संपली. रस्ता असा की निम्मं पाणी माझ्याच पोटावर. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"मावशी, शीट भिजून राह्यलं."

पलीकडं एक म्हातारेबुवा बसले होते, मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. ते म्हणाले, "शीट उन्हात वाळतंय रे. तू गाडी हाण." आणि स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडं दिली. मग मागून एक बाटली आली, मग आणखी एक. एक पोरगी कॉलेजला चालली होती, तिनं झाकण उघडून, वास घेऊन, "मावशी, ह्यात सरबत न्हाई, पाणीच हाय," असं सांगून दिली. मला तिचं कौतुक वाटलं. घाईतसुद्धा वास घेतला तिनं.

सुनेला आता हुडहुडी भरली होती. तशात ती माझ्या कानाशी म्हणते, "आत्याबाई, अंघोळ झाली बघा माझी. साबण तेवढा राह्यला."

मी हसले. मग मला जे रडू फुटलं ते ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकत राहिले.

अंबडला माझा लेक आधीच येऊन उभा होता. जालन्याला तो कामाला असतो. फोन गेला तसा मोटरसायकलवर निघाला होता, डोक्यातलं हेल्मेट काढायचंही भान नव्हतं. दवाखान्यात रांग होती, पण कंपाउंडरनं सुनेकडं बघितलं आणि सरळ आत घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पहिला प्रश्न केला, "काय गेलं?"

"कॉस्टिक सोडा. साबणाचा."

त्यांचा चेहरा उतरला ते मला दिसलं. "इथे येईपर्यंत डोळ्यात काय काय घातलं?"

"पाणी."

"आणखी?"

"पाणीच."

"तूप, दूध, लिंबू, काहीच नाही?"

"आणलेलं सगळं होतं बाई. घालू दिलं न्हाई."

त्यांनी एक श्वास सोडला आणि मान हलवली. मग कागदाची एक बारीक पिवळी पट्टी घेतली आणि सुनेच्या खालच्या पापणीच्या आत टेकवली. पट्टी हिरवट-निळी झाली. म्हणजे सोडा अजून होता. एवढं पाणी घातलं, तरी होता. सोड्याचं हेच वाईट म्हणाल्या त्या, तो वर बसत नाही, आत आत जात राहतो, म्हणून वरून स्वच्छ दिसलं तरी थांबायचं नसतं. मग त्यांनी सलाईनची बाटली टांगली, तिची नळी सरळ डोळ्यावर सोडली, आणि पापणी उलटी करून आतून कापसाच्या काडीनं पुसलं. पापणीच्या आत एक बारीक पापुद्रा चिकटलेला निघाला. तिळाएवढाही नसेल. त्यांनी तो काडीवर मला दाखवला. तो बघून माझ्या अंगावर काटा आला, बरणीभर सोडा बघून कधी आला नव्हता तेवढा.

मधून मधून त्या थांबायच्या, थोडं थांबून पट्टी टेकवायच्या. निळसर. परत सलाईन. परत पट्टी. हिरवट. मी पट्टीकडं बघत होते, लेक बायकोकडं बघत होता. शेवटी एक पट्टी टेकवली आणि ती चांगल्या डोळ्याला लावलेल्या पट्टीशी धरून बघितली. दोन्ही एकाच रंगाच्या. "आता डोळ्याचं पाणी डोळ्याच्या पाण्यासारखं झालं," म्हणाल्या.

पण सुटका तेवढ्यावर नव्हती. बुबुळावर एक धूसर जागा उरली होती. औषधं घाला, मलम लावा, पट्टी बांधा, ठरल्या दिवशी परत या. तो डाग राहतो का जातो ते तेव्हा सांगेन म्हणाल्या. राहिला तर दिसायला अंधुक राहील.

ते दिवस आमच्या घरात शिवणाचं मशीन वाजलं नाही. ज्यांची कापडं होती त्या बायका यायच्या आणि सुनेची पट्टी बघून "राहू दे गं, घाई न्हाई," म्हणायच्या, आणि कापडांच्या ढिगाकडं बघायच्या. सून एका डोळ्यानं भाजी निवडायची. एक दिवस मला दिसलं, ती सुई-दोरा घेऊन बसलीय. एका डोळ्यानं दोरा ओवायचा म्हणजे सुईच्या नेढ्याशेजारून जातो, कितीही वेळा घाला. तिनं सुई टोचून ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "डाग राह्यला तर फॉल-पिको बंद, आत्याबाई. साधी शिलाई तेवढी होईन." मलाही रात्रंदिवस तेच डोक्यात होतं.

जाऊबाई मात्र फिरकल्या नाहीत. एरवी दिवसातून दोनदा यायच्या. त्यांच्या लेकाच्या हातानं ज्वारीच्या भाकरी, मेथीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, रोज काही ना काही येत होतं, झाकून. माणूस येत नव्हतं. मी एकदा गेले तर आत झोपल्यात असं सांगितलं, भर दुपारी. बाहेरून मला त्यांचं खोकणं ऐकू आलं. परत आले.

ठरल्या दिवशी आम्ही अंबडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळं औषध टाकलं, खोलीत अंधार केला आणि निळ्या उजेडात बघितलं. जखम असेल तिथं ते पिवळं हिरवं होऊन चमकतं म्हणे. बराच वेळ बघितलं. मी लेकाचा शर्ट मागून धरलेला. मग त्यांनी दिवा लावला, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला आणि चांगला डोळा झाकायला सांगितला. सुनेनं वाचायला सुरुवात केली. वरची ओळ, मधली, खालची. सगळ्यात खालची वाचताना अडखळली, आणि म्हणाली, "ही मला आधीपण दिसत नसंन."

डॉक्टरीणबाई हसल्या. "भरली जखम. डाग नाही. थेंब चालू ठेवा थोडे दिवस."

बाहेर येऊन आम्ही तिघांनी रसवंतीवर उसाचा रस प्यायला. लेकानं दुसरा ग्लास मागितला, मी तिसरा. माझं वय बघून रसवाल्यानं विचारलं, "शुगर न्हाई ना मावशी?" आता होऊ दे म्हटलं.

गावात जीपमधून उतरल्यावर मी घराकडं वळले, पण सून सरळ जाऊबाईंच्या गल्लीत गेली. मी मागं मागं. आमच्या पुढं बातमी गेलेली नव्हती. जाऊबाई ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या, शाल पांघरून. आम्हाला बघून उठायला लागल्या, आत जायला.

"थोरल्या आत्या, थांबा," सून म्हणाली. अंगणाच्या ह्या टोकाला ती उभी राहिली आणि तळव्यानं चांगला डोळा झाकला. नुकत्या बऱ्या झालेल्या डोळ्यानं त्यांच्याकडं बघत राहिली. जाऊबाई तशाच अर्ध्या उठलेल्या, एक हात भिंतीला.

"तुमची शाल उंदरांनी खाल्ली का हो?"

"कशाचे उंदीर?"

"खांद्यावर बघा की. अन् तिकडं काठाला. चाळणी झालीय नुसती."

जाऊबाईंनी शाल पुढं ओढली, उन्हात धरली. खरंच. बारीक बारीक भोकं, ज्वारीच्या दाण्याएवढी. त्या दिवशी उडालेले थेंब त्यांच्याही अंगावर आले होते आणि लोकरीत शिरले होते. लोकर विरली, झटकता झटकता गळून गेली. इतके दिवस ती शाल त्यांच्या अंगावर होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मला माझ्या मालकांची ती मेंदी रंगाची बाही आठवली.

जाऊबाईंनी शालीतून मान वर केली. "एवढ्या लांबून दिसलं तुला?"

"दिसलं."

"त्याच डोळ्यानं?"

"दुसरा झाकलाय की हो."

त्या खाली बसल्या. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "धाकटे, ते लिंबू मी पिळलं असतं गं. तू नसतीस तर पिळलंच असतं." मी म्हटलं, "बाई, लिंबू महाग झालंय, म्हणून अडवलं." तेव्हा कुठं त्या हसल्या, आणि लगेच सुनेवर डाफरल्या, "अगं डोळ्यावरचा हात काढ आता, ऊन लागंल."

त्यानंतर आम्ही साबण परत केला. जाऊबाई म्हणाल्या, मी येणार आणि सोडा मीच सोडणार, नाहीतर माझ्या हाताची भीती जायची नाही. डोळ्यांना सगळीकडून झाकणारा चष्मा माझ्याकडं नव्हता, तर लेकानं हेल्मेट देऊन ठेवलं, पुढं काच असलेलं. जाऊबाईंनी ते नऊवारीवर डोक्यात घातलं, हातात रबरी मोजे, लांब दांड्याचा चमचा. शाल आधीच आत सुनेकडं दिली होती. बादलीत आधी पाणी. मग एक चमचा सोडा, काठीनं हलवायचं, थांबायचं, मग दुसरा. आपा लांबून कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ये कौन मेहमान आया गे, फटफटीवरसे?" हेल्मेटातून जाऊबाई काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही, पण शिवीच असावी.

पाणी तापलं, वाफ आली, आणि हळूहळू निवळलं. कुठं फसफस नाही, काही नाही. जाऊबाईंनी काच वर केली आणि बादलीत वाकून बघितलं, जरा लांबूनच.

"आवाजच करत न्हाई की हा," म्हणाल्या. "कळायचं कसं मंग?"

"कळायचं न्हाई बाई," मी म्हटलं. "म्हणून तर हळू."

सून आत मशीनपाशी बसली होती. लग्नाची कापडं संपवून तिनं जाऊबाईंची शाल घेतली होती. चॉकलेटी लोकर गावात मिळाली नाही, म्हणून मिळाली त्या पिवळ्या लोकरीनं ती सुईनं भोकं भरत होती. भुईमुगाच्या शेतात फुलं यावीत तशी दिसत होती शाल. आतून तिनं विचारलं, "थोरल्या आत्या, अजून एक भोक सापडलं. बुजवू का राहू देऊ?"

"बुजव सगळी," जाऊबाई हेल्मेटातून ओरडल्या. "दिसतंय ना तुला?"

"दिसतंय," ती म्हणाली, आणि दोरा ओवला.